बडोद्यापासून एका रात्रीच्या अंतरावर

सयाजीबागेत, म्हणजे बडोदेकरांच्या कमाटीबागेत, सरदार पटेल तारांगण आहे. घुमटावर ग्रह-नक्षत्रे ठरल्या वेळी उगवतात, ठरल्या वेळी मावळतात, आणि बाहेर पडणाऱ्याला वाटते की आकाशाबद्दल जे कळायचे होते ते एकदाचे कळून चुकले आहे. खरी परिस्थिती बरोबर उलटी आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत खगोलशास्त्रात जेवढी नवी उपकरणे आली, त्याहून जास्त नवे घोळ निर्माण झाले, आणि अभ्यासकांना त्याचा आनंद आहे. यांतल्या बऱ्याच घोळांवर काम करणारी माणसे आणि यंत्रे बडोद्याच्या आसपासच आहेत. म्हणून हा लेख बडोद्यात बसून लिहिल्यासारखाच वाचावा.

कोणता प्रश्न संशोधनाचा

‘विश्वाच्या पलीकडे काय आहे?’ हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो. त्यावर गप्पा रंगतात, संशोधन होत नाही. कारण उत्तर चुकले की बरोबर आले हे तपासायची सोय नाही. संशोधनाचा प्रश्न त्यापेक्षा खूप लहान असतो. एकच राशी दोन वेगळ्या मार्गांनी मोजली आणि दोन आकडे जुळले नाहीत, तर तिथे प्रश्न जन्माला येतो. पुढे जे प्रश्न घेतले आहेत ते बहुतेक याच जातीचे आहेत. ‘विश्वाचे गूढ’ हा शब्दप्रयोग त्यांना शोभत नाही. ते न लागलेले हिशेब आहेत.

बडोद्याचा परीघ

बडोद्यात मोठी दुर्बीण नाही आणि ती असूही नये. चार महिने पावसाचे ढग, नंतर दमट हवा, कारखान्यांचा धूर आणि शहराचा उजेड, एवढे पुरेसे आहे. पण नकाशावर बडोद्याभोवती वर्तुळ काढा. उत्तरेला अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा, म्हणजे विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेली पीआरएल. त्याच संस्थेची वेधशाळा अबूच्या गुरुशिखरावर. गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्था. आणंद जिल्ह्यात चांगा गावी चारुसॅट विद्यापीठ. दक्षिणेला पुण्यात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, तिथून पुढे नारायणगावाजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. संध्याकाळी बडोद्याहून निघालात तर सकाळपर्यंत यांतल्या कोणत्याही ठिकाणी पोचता येते. हिंगोलीत होऊ घातलेल्या वेधशाळेसाठी थोडा जास्त वेळ धरावा लागेल.

विश्व किती वेगाने प्रसरण पावते

आधी सगळ्यांत गाजलेला न जुळणारा हिशेब. दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितकी दीर्घिका लांब तितका तिचा वेग जास्त, हे एडविन हबलने १९२९ मध्ये दाखवले. वेग आणि अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे हबलचा स्थिरांक. तो मोजण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग जवळून लांब जातो. सेफीड नावाचे तारे ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होतात. हा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये सिद्ध केले. मुळातले तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर निघते. सेफीडांवरून जवळच्या दीर्घिकांची अंतरे, त्या दीर्घिकांत फुटलेल्या विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांवरून आणखी लांबच्या दीर्घिकांची, अशी पायरी-पायरीने मोजणी होते. ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये या मार्गाने काढलेला आकडा ७३ च्या आसपास आहे. एकक असे : दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर.

दुसरा मार्ग लांबून जवळ येतो. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पारदर्शक झाले आणि त्या वेळचा प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व बाजूंनी आपल्यापर्यंत येतो. त्यातले अतिसूक्ष्म चढउतार प्लँक या युरोपीय उपग्रहाने मोजले. त्यावर विश्वाचे प्रचलित प्रारूप लावले की हबलचा स्थिरांक ६७.४ येतो, आणि त्यातली अनिश्चितता अवघी अर्ध्या एककाची आहे.

६७ आणि ७३ मधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन्ही गटांनी सांगितलेल्या त्रुटींच्या मर्यादा पाहिल्या तर हे आकडे एकमेकांच्या जवळही येत नाहीत. कुठल्या तरी एका गटाने ढोबळ चूक केली असावी, ही शंका पहिल्यांदा सगळ्यांनाच आली. जेम्स वेब दुर्बिणीने तेच सेफीड अधिक स्पष्ट पाहिले, आणि जुनी मोजमापे टिकली. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने लाल राक्षसी ताऱ्यांसारख्या वेगळ्या खुणा वापरल्या तेव्हा आकडा ७० च्या आसपास आला; तो दोन्ही बाजूंना आपलाच वाटतो. माझे मत विचाराल तर अजून कोणाच्याही बाजूने पैज लावू नये. चूक मोजमापात सापडली तर एक रुखरुख संपेल, आणि प्रारूपात सापडली तर पाठ्यपुस्तकातला एक धडा नव्याने लिहावा लागेल.

कृष्ण ऊर्जा खरेच स्थिर आहे का

विश्वाचे प्रसरण मंदावत नाही, उलट वाढते आहे, हे १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवले आणि २०११ चे नोबेल त्यासाठी मिळाले. या वाढीमागच्या कारणाला कृष्ण ऊर्जा असे नाव आहे. ती काय आहे ते माहीत नाही. विश्वातल्या एकूण ऐवजापैकी सुमारे ६८ टक्के ती आहे, सुमारे २७ टक्के अदृश्य कृष्णद्रव्य, आणि आपल्या ओळखीचे अणू साधारण ५ टक्के. सोपे गृहीतक असे, की कृष्ण ऊर्जेची घनता कधीच बदलत नाही. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडलेला आणि नंतर टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक हाच.

ॲरिझोनातल्या किट पीकवर चार मीटरच्या दुर्बिणीला पाच हजार प्रकाशतंतू जोडलेले डेझी नावाचे उपकरण आहे. एका वेळी पाच हजार दीर्घिकांचे अंतर मोजता येते. मार्च २०२५ मध्ये या गटाने तीन वर्षांच्या निरीक्षणांतून, दीडेक कोटी दीर्घिका आणि क्वासारांच्या आधारे, निष्कर्ष मांडले. कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असा त्यांचा कल होता. किती खात्रीने? कोणत्या अतिनवताऱ्यांची माहिती सोबत घेता त्यावर ते ठरते. सांख्यिकीच्या भाषेत २.८ ते ४.२ सिग्मा. शोध लागला असे म्हणायला भौतिकशास्त्रात ५ सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

इथे जयंत नारळीकरांची आठवण येते. २० मे २०२५ ला ते गेले. फ्रेड हॉइल यांच्यासोबत आणि नंतर जेफ्री बर्बिज यांनाही घेऊन त्यांनी महास्फोटाला पर्यायी प्रारूपे मांडली. १९९३ चे अर्धस्थिर विश्वाचे प्रारूप बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारले नाही, आणि पुराव्यांच्या कसोटीवर ते न स्वीकारणेच योग्य होते असे मला वाटते. पण सगळे एका बाजूला असताना ‘हे गृहीतक तपासले आहे का?’ असे विचारणारा माणूस लागतो, आणि मराठी वाचकांना तो घरचाच मिळाला होता. वैश्विक स्थिरांक खरेच स्थिर आहे का, हे आज शेकडो जण एकत्र बसून विचारत आहेत.

कृष्णद्रव्याबद्दल इथे थोडक्यात सांगतो. दीर्घिकांच्या फिरण्यातून आणि गुरुत्वीय भिंगांतून त्याचे अस्तित्व जाणवते, पण त्याचा एकही कण प्रयोगशाळेत पकडला गेलेला नाही. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर द्रवरूप झेनॉनने भरलेले यंत्र वर्षानुवर्षे वाट पाहते आहे. अजून हाती शून्य.

वैद्यांचे गणित आणि उघडे एकत्व

या परिघातला सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर धागा गुजराती-मराठी सहकार्याचा आहे. प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांचा जन्म १९१८ मध्ये जुनागढजवळच्या शाहपूरचा. १९४२ मध्ये, देश ‘चले जाव’च्या धामधुमीत असताना, ते पत्नी आणि तान्ह्या मुलीसह साठवलेल्या पैशांवर बनारसला गेले. बनारस हिंदू विद्यापीठात विष्णु वासुदेव नारळीकर गणित शिकवत होते. मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजला शिकलेले, आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेवर भारतात पहिल्याप्रथम गांभीर्याने काम करणाऱ्यांपैकी एक. त्यांचा मुलगा जयंत तेव्हा चार वर्षांचा होता.

नारळीकरांनी वैद्यांपुढे ठेवलेला प्रश्न असा. कार्ल श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची एक उकल दिली होती. तीत तारा एकटा असतो, त्याच्या बाहेर पूर्ण पोकळी असते आणि त्याचे वस्तुमान कधी बदलत नाही. पण खरा तारा प्रकाश देतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा बाहेर गेली की वस्तुमान घटते. शिवाय बाहेरची जागा पोकळी राहत नाही, प्रारणाने भरते. अशा ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाचे गणित काय? वैद्यांनी ते सोडवले आणि १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापले. आज जगभरच्या ग्रंथांत ते ‘वैद्य मेट्रिक’ याच नावाने येते.

त्या काळी या उकलीला गिऱ्हाईक नव्हते. सूर्यासारख्या ताऱ्याचे वस्तुमान प्रकाशामुळे इतके हळू घटते, की श्वार्झशिल्डच्या गणिताने काम भागते. वीस वर्षांनी, १९६३ मध्ये, क्वासार सापडले. छोट्याशा जागेतून अख्ख्या दीर्घिकेहून जास्त तेज बाहेर पडताना पाहून सापेक्षता आणि प्रारण यांची सांगड घालणारे गणित अभ्यासकांना अचानक हवेसे झाले. १९७४ मध्ये हॉकिंगने कृष्णविवरे हळूहळू विरतात असे मांडले, आणि विरणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करायला पुन्हा वैद्यांचीच उकल हाताशी आली. वैद्य मात्र खादी घालून, सायकलवर फिरून गुजरातेत गणित शिकवत राहिले. गुजरात गणित मंडळ आणि ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक हे त्यांचेच काम. २०१० मध्ये ते गेले.

आता आजचा प्रश्न. प्रचंड तारा इंधन संपल्यावर स्वतःच्या वजनाखाली कोसळतो आणि शेवटी घनता अनंत होते अशी जागा उरते. तिला एकत्व म्हणतात. अशी एकत्वे टाळता येत नाहीत, हे रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्या सिद्धान्ताला कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणाचा पाया होता. या कामासाठी पेनरोजना २०२० मध्ये नोबेल मिळाले. पण एकत्व नेहमी कृष्णविवराच्या आवरणाआड झाकलेले असते का? पेनरोजनी १९६९ मध्ये अंदाज मांडला, की निसर्ग त्याला कधी उघडे सोडत नाही. हा अंदाज पन्नास वर्षांहून जास्त काळ सिद्धही झालेला नाही आणि पूर्णपणे खोटाही ठरलेला नाही.

वैद्यांच्या उकलीत बाहेरून आत येणारे प्रारण घ्या. त्याचा ओघ एका मर्यादेपेक्षा संथ असेल तर गणित सांगते की एकत्व आवरण तयार होण्याआधीच बनते आणि तिथून निघालेला प्रकाश बाहेर येऊ शकतो. पंकज जोशी हे याच विषयाचे अभ्यासक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केल्यावर ते चांग्याच्या चारुसॅटमध्ये आले आणि तिथे विश्वरचनाशास्त्राचे केंद्र उभे केले. पुढे अहमदाबाद विद्यापीठात. ताऱ्याच्या आतली घनता कशी विभागलेली आहे, त्यावर शेवट झाकलेला की उघडा हे ठरते, असे त्यांच्या गटाचे म्हणणे आहे.

हा कागदावरचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण १० एप्रिल २०१९ ला एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या, सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वजनाच्या वस्तूचे चित्र प्रसिद्ध झाले, आणि १२ मे २०२२ ला आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचे. तेजस्वी कडे आणि मध्ये काळोख. वर्तमानपत्रांनी ‘कृष्णविवराचे छायाचित्र’ असा मथळा दिला आणि तो बहुधा बरोबरच आहे. तरी काही प्रकारची उघडी एकत्वेही अशीच सावली पाडू शकतात, असे आकडेमोड सांगते. म्हणजे सावली दिसली एवढ्यावर निकाल लागत नाही. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा कोणत्या दिशेने आणि किती सरकतात, यातूनही फरक कळू शकतो. एस-२ या ताऱ्याची कक्षा आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे सरकते, असे २०२० मध्ये मोजले गेले. हा कौल कृष्णविवराच्या बाजूचा आहे. केंद्राच्या आणखी जवळून फिरणारे तारे सापडले की तो पक्का करता येईल.

तलावावरची दुर्बीण

महास्फोटानंतर काही कोटी वर्षे विश्वात एकही तारा नव्हता; होता तो मुख्यतः हायड्रोजन. पहिले तारे कधी पेटले? त्या काळचा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर शोषतो. विश्वाच्या प्रसरणाने ती ताणली जाऊन आज एफएम रेडिओच्या आसपासच्या वारंवारितेवर येते. आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ आवाज या संकेताच्या हजारो पट मोठा आहे. नवरात्रात गरब्याच्या मैदानाच्या मधोमध उभे राहून पलीकडच्या सोसायटीतली कुजबुज ऐकण्यापैकी हे काम.

२०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झवर असा संकेत सापडल्याचे जाहीर केले. तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल होता. लगेच सिद्धान्तांचा पाऊस पडला. कृष्णद्रव्याने हायड्रोजन थंड केला असावा, हा त्यांतला सर्वांत चर्चिलेला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने मात्र आधी मोजून पाहायचे ठरवले. त्यांच्या सारस या अँटेनाची अडचण अशी, की जमिनीवर ठेवली की खालची माती, खडक, ओल यांचे थर लहरी वेगवेगळ्या तऱ्हेने परावर्तित करतात आणि खोटा संकेत तयार होऊ शकतो. उपाय म्हणून त्यांनी अँटेना तराफ्यावर बसवून तलावात सोडली, कारण पाणी खोलवर एकसारखे असते. २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर मोजमापे झाली. निकाल २०२२ मध्ये आला : एजेसने सांगितलेला संकेत ९५ टक्के खात्रीने आढळत नाही.

मला हे उदाहरण या सगळ्या विषयात सर्वांत शिकण्यासारखे वाटते. नवी भौतिकी शोधणारे शेकडो निबंध लिहिले गेले आणि त्यांना उत्तर मिळाले एका तराफ्यावरून. प्रश्न मात्र उभाच आहे. खरा संकेत अजून कोणालाच मिळालेला नाही. पृथ्वीवरच्या रेडिओ गोंगाटापासून लांब, चंद्राभोवती फिरणारे प्रत्युष नावाचे उपकरण पाठवावे, असा त्याच संस्थेचा प्रस्ताव आहे.

खोडद : घड्याळे आणि हायड्रोजन

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना आणि हे बांधकाम. कमी खर्चात इतके मोठे यंत्र उभे राहिले ते तबकड्या पत्र्याऐवजी तारांच्या जाळीच्या केल्यामुळे. लांब रेडिओ लहरींना जाळी पुरते आणि वाऱ्याचा जोरही कमी बसतो.

इथले एक काम स्पंदकांचे. हे मृत तारे सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे ठोके अतिशय नियमित येतात. मधून एखादी प्रचंड गुरुत्वीय लहर गेली तर ठोका सेकंदाच्या कोट्यंशाएवढा मागे-पुढे होतो. अशी लहर एकदा वर-खाली व्हायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून वर्षानुवर्षे ठोके नोंदवत राहावे लागते. वाटेतला आंतरतारकीय वायूही ठोका उशिरा पोचवतो, आणि कमी वारंवारितेवर जास्त उशिरा. खोडदची दुर्बीण नेमकी कमी वारंवारितेवर चालते, त्यामुळे हा उशीर वजा करायला तिच्यासारखे साधन नाही. २९ जून २०२३ ला भारतीय-जपानी गट, युरोपीय गट, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गट यांनी एकाच वेळी निष्कर्ष जाहीर केले : सगळे विश्व अशा संथ लहरींनी सतत थरथरत असल्याची चिन्हे आहेत. ५ सिग्माची रेघ अजून कोणी ओलांडलेली नाही. त्या लहरी कशाच्या, हा खरा वाद. दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची केंद्रातली कृष्णविवरे जोडीने फिरू लागतात, हे सोपे उत्तर. विश्वाच्या पहिल्या क्षणांतली एखादी घडामोड, हे धाडसी उत्तर.

दुसरे काम हायड्रोजनचे. विश्वात तारे जन्माला येण्याचा वेग आठशे-हजार कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता, मग तो घसरला. का? आदित्य चौधुरी, निसिम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकावर एक ठेवून त्यांच्यातला सरासरी हायड्रोजन मोजला. त्या काळी हायड्रोजन भरपूर होता, पण तारे तो इतक्या झपाट्याने वापरत होते की बाहेरून नवा पुरवठा झाला नसता तर शे-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. पुरवठा आटला आणि कारखाना मंदावला, असा त्यांचा निष्कर्ष. पुरवठा का आटला, हे पुढचे काम.

वेळेआधी मोठ्या झालेल्या दीर्घिका

जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर तीस कोटी वर्षे होण्याच्या आतल्या दीर्घिका दिसल्या आणि त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या. पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच माहितीतून २०२५ मध्ये एक वेगळी दीर्घिका शोधली आणि तिला अलकनंदा नाव दिले. विश्व दीडशे कोटी वर्षांचे असतानाच तिला दोन रेखीव सर्पिल बाहू आहेत. अशी घडण व्हायला बराच काळ आणि शांतता लागते, असे आपण समजत होतो. एका उदाहरणावरून सिद्धान्त मोडत नाही. पण अशी आणखी सापडली तर दीर्घिका घडण्याचे वेळापत्रक मागे ओढावे लागेल.

गुरुशिखरावरून दिसणारे ग्रह

पीआरएलच्या अबूच्या वेधशाळेत पारस हे वर्णपटमापक आहे. ग्रह फिरताना आपल्या ताऱ्याला किंचित ओढतो आणि ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा हलतात. ती हालचाल पारस मोजते. २०१८ मध्ये त्याने पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह निश्चित केला. नंतर तिथे अडीच मीटरची नवी दुर्बीण आणि पारस-२ आले. २०२४ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी जाहीर केलेला एक ग्रह पृथ्वीच्या सुमारे ६० पट जड, पण व्यासाने फक्त पाचपट आहे, आणि त्याचे वर्ष आपल्या पाच दिवसांचे. ताऱ्याच्या इतक्या जवळ नेपच्यूनच्या आकाराचे ग्रह फारच कमी आढळतात. या टापूला अभ्यासक नेपच्यूनचे वाळवंट म्हणतात. वाळवंटात हा एवढा दगडी ग्रह काय करतो आहे? त्याचे वायूचे आवरण उडून गेले, की दोन ग्रहांची टक्कर झाली? सध्या दोन्ही शक्यता उभ्या आहेत.

हिंगोलीची वाट पाहणे

गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा पकडल्या गेल्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा लहरी पकडणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, २,६०० कोटी रुपयांची. मधली सात वर्षे वाया गेली असे म्हणायला माझी हरकत नाही. आयुकाकडे माहितीचे विश्लेषण आहे, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे प्रकाशयंत्रणा, आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेकडे निर्वात नळ्यांचे काम.

एक वेधशाळा वाढल्याने काय साधते? लहर कोणत्या दिशेने आली ते अनेक ठिकाणच्या वेळेच्या फरकावरून काढतात, त्यामुळे वेधशाळा जितक्या दूर-दूर तितकी जागा नेमकी. जागा नेमकी कळली की दुर्बिणी वळवून दीर्घिका ओळखता येते. लहरीवरून अंतर आणि दीर्घिकेवरून वेग मिळाला की हबलचा स्थिरांक तिसऱ्याच मार्गाने निघतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनावरून असा आकडा काढला होता. तो ७० च्या आसपास आला, पण त्यातली अनिश्चितता दहाएक एककांची होती. अशा आणखी पन्नास घटना नेमक्या सापडल्या, तर ६७ आणि ७३ च्या भांडणात निवाडा करायला बाहेरचा पंच मिळेल.

बडोद्याच्या विद्यार्थ्यासाठी

एम. एस. युनिव्हर्सिटीत भौतिकशास्त्र शिकून वेंकटरामन रामकृष्णन पुढे रायबोसोमकडे वळले आणि रसायनाचे नोबेल घेऊन आले. म्हणजे इथल्या भौतिकशास्त्राच्या वर्गातून वाट कुठेही फुटू शकते. आकाशाकडे वळायचे असेल तर आता दुर्बिणीजवळ राहण्याची गरज उरलेली नाही. खोडदची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची माहितीही मिळते, जेम्स वेबचीही. अलकनंदा सापडली ती अशाच, इतरांनी आधी गोळा केलेल्या माहितीच्या ढिगाऱ्यातून. लागते ते गणित, पायथनसारखी संगणकाची एखादी भाषा आणि चिकाटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठी आयुका, रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि पीआरएल उपक्रम घेतात. त्यांच्या सूचना संकेतस्थळांवर येतात आणि अर्जाची मुदत परीक्षांच्या गडबडीत निघून जाते, म्हणून जानेवारीपासूनच लक्ष ठेवावे.

आणि ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांच्यासाठी : २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. त्या वेळी तबकड्यांच्या जवळ जाता येते आणि तिथल्या शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. मोबाइल मात्र आवाराबाहेर बंद करून जा; तिथे त्याचा गोंगाट कोणालाच चालत नाही.